बत्ताशाच्या पाच फेऱ्या

"हात लावू नका बाई, चावंल," हौसाक्का म्हणाली आणि स्वतः मात्र घोड्याच्या मानेला मिठी मारून उभी राहिली.

चावण्याचं त्राण त्या घोड्यात उरलेलं नव्हतं. तो तीन पायांवर उभा होता. पुढचा डावा खूर त्याने नुसता टोकावर टेकवला होता, तोही आमच्या समाधानापुरता. पांढरं अंग घामाने भिजून राखाडी दिसत होतं. इस्माईलचाचा नालबंद त्या पायाशी बसले होते आणि लांब दांड्यांच्या चिमट्यात खूर धरून एकेक जागा दाबून बघत होते. चिमटा बाहेरच्या टाचेकडे गेला तसा घोड्याने असा हिसका दिला की चाचा गव्हाणीवर जाऊन आदळले.

"पू झालाय," कोपर चोळत चाचा म्हणाले. "खडा रुतला असंल. तळ कोरून वाट करून देतो. परवा पळाय लागंल."

"कोरू नका, चाचा," मी म्हणाले.

दाराशी जमलेल्या सात-आठ माणसांनी माझ्याकडे पाहिलं. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू होऊन मला चार महिने झाले होते. डॉक्टर कुमुद शेट्ये, वय अठ्ठावीस, कोकणातली, एकटी बाई. घोडा मी पहिल्यांदा पाहिला तो मामाच्या वरातीत आणि हाताळला तो कॉलेजात, परीक्षेपुरता. चाचा चाळीस वर्षं खूर तासत होते. आता ही पोरगी त्यांना शिकवणार, हे त्या सगळ्या चेहऱ्यांवर स्पष्ट वाचता येत होतं.

"कधीपासून असा उभा आहे?" मी हौसाक्काला विचारलं.

"सकाळधरनं. दिवाळीचा पाडवा म्हणून पोरांनी दारात फटाक्याची माळ लावली. ह्यो बुजला, पुढचं दोन्ही पाय उचललं आन् ह्या डोणीवर आपटला. तवापासनं टेकवंना."

"माळ लागायच्या आधी चांगला होता?"

"चांगला म्हंजी? नाचत व्हता की!"

पाणी प्यायची दगडी डोण शेजारीच होती. तिच्या काठावर ताजा पांढरा ओरखडा होता. खुरात पू होतो तो असा एका क्षणात होत नाही, दोन-चार दिवस आधी लंगडून सांगतो. मी खुराच्या वर, मागच्या बाजूला बोट ठेवलं. शीर थडथड उडत होती.

"खुराच्या आतलं हाड मोडलं असणार," मी म्हणाले. "तळ कोरला तर त्या हाडापर्यंत घाण जाईल. मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही."

चाचांनी सुरी खाली ठेवली. "खुरात हाड असतंय ते म्हाईत हाय," ते म्हणाले. "मोडल्यालं मात्र मी अजून बगितलं न्हाई." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला ते तेव्हाच आवडले.

बत्ताशा हा पळसखोरीच्या भैरोबाचा घोडा. त्याच्यावर कुणी बसत नसे. चैत्रातल्या जत्रेला त्याने देवळाच्या फरशीवर पाच फेऱ्या घालायच्या, एवढंच त्याचं वर्षाचं काम. त्याचा लगाम धरायचा मान घोडके घराण्याचा. हौसाक्काचा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा दीर यशवंता मान मागायला पुढे आला होता. पण घोडा त्याला जवळ उभं करेना. शेवटी पंचांनी ठरवलं की घोडा फेऱ्या घालतोय तोवर लगाम हौसाक्काकडे, ज्या वर्षी फेऱ्या चुकतील त्या वर्षापासून यशवंताकडे. असं सहा वर्षं चाललं होतं. तिचं घर, तिचा देवाकडून येणारा शिधा, गावातलं तिचं बोलणं-चालणं, सगळं त्या घोड्याच्या चार पायांवर उभं होतं. त्यातला एक आता गेला होता.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून मी एक्स-रेचं हलवता येणारं यंत्र जीपमधून आणवलं. पायाचा फोटो काढणार म्हटल्यावर हौसाक्काने बत्ताशाला अंघोळ घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि स्वतःही नवं लुगडं नेसून शेजारी उभी राहिली. त्या फोटोत काहीच दिसलं नाही.

"फोटूत न्हाई, म्हंजी बाईंच्या डोस्क्यात हाय," यशवंता म्हणाला आणि लोक मनसोक्त हसले.

खुराच्या हाडाची मोड पहिल्या दिवसांत पुष्कळदा दिसत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकावर भरवसा ठेवून बारा दिवस लोकांचं हसणं सहन केलं आणि यंत्र पुन्हा आणवलं. या वेळी ती दिसली. हाडाच्या बाहेरच्या, पंखासारख्या पसरलेल्या भागावरून केसासारखी बारीक रेघ गेली होती. सांध्याच्या अलीकडे थांबली होती, हे आमचं नशीब. मी फिल्म उजेडाला धरून चाचांना दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्येला प्लास्टर कसं घालायचं? हाड तर खुराच्या आत."

"खूर हेच त्याचं प्लास्टर. फक्त तो पसरतो. वजन पडलं की टाचेकडे रुंद होतो, उचलला की आवळतो. भाकरीच्या पिठावर हात पडला की कसं पसरतं, तसं. प्रत्येक पावलाला ती रेघ उघडते. त्याला पसरू द्यायचं नाही."

चाचांनी विडी पेटवली. विडी संपेपर्यंत त्यांच्या डोक्यात नाल तयार झाला होता. मागून बंद, दोन्ही टोकांना जोडणारी आडवी पट्टी, आणि खुराला बाहेरून कवटाळणारे चार कान. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो घडवून आणला आणि बसवला तेव्हा मी त्यांना म्हटलं, की कॉलेजात असा नाल मी फक्त चित्रात पाहिला होता. ते इतके लाजले की हातोडा शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले.

मग बत्ताशा गोठ्यात अडकला. सहा महिने नाल आणि एका जागी उभं राहणं, त्यानंतर आणखी सहा महिने सांभाळून चाल, असं मी सांगितलं होतं. दर सव्वा महिन्याला चाचा यायचे, नाल उतरवायचे, वाढलेला खूर तासायचे आणि लगेच पुन्हा बसवायचे. मी शनिवारी एसटीने जायची. हौसाक्का चहात गूळ इतका घालायची की चमचा उभा राहावा. पौषात बत्ताशाने पाय पूर्ण टेकला. माघात तो गोठ्यातल्या गोठ्यात वळताना थोडासाच लंगडला. माझ्या दवाखान्यात एकाएकी गर्दी वाढली. लोक आपल्या बैलांना आठ-आठ कोस चालवत आणू लागले. मी मनातून फार फुगले होते, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

जत्रेला पंधरा दिवस उरले तेव्हा हौसाक्काने विषय काढला.

"पाच फेऱ्या घालील न्हवं?"

"नाल घालून, हळूहळू चालवला तर घालेल."

तिने चाचांकडे पाहिलं. चाचा खाली बघू लागले. मग चाचांनीच सांगितलं. देवळाच्या कमानीच्या आत लोखंड पायात घालून जायचं नाही. माणसं वहाणा काढतात, घोड्याचे नाल काढतात. फेऱ्या झाल्या की कमानीबाहेर पुन्हा ठोकतात. चाचांच्या आजोबांपासून हे काम त्यांच्या घरात होतं.

"नाही," मी म्हणाले. "पाच महिन्यांचं काम फुकट जाईल. त्यापेक्षा खुराला बाहेरून प्लास्टरची पट्टी गुंडाळू. त्यात लोखंड नाही."

हौसाक्का आशेने पंचांकडे गेली आणि तासाभरात पडलेला चेहरा घेऊन आली. पाय बांधलेलं जनावर देवापुढे चालत नाही. देवाचं म्हणून जे असतं ते धडधाकट लागतं.

"मग या वर्षी नको," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी पळत घालेल."

"पुढल्या वर्सी लगाम यशवंताकडं असंल."

"असू दे ना, अक्का. घोडा तरी वाचेल."

"यशवंतानं नवा घोडा बगून ठेवलाय," ती म्हणाली. "देवाला दोन घोडं कशाला लागत्यात? देवाचा न्हाई राह्यला की ह्यो बाजाराचा. लंगडा घोडा बाजारात कोण घेतंय आन् कशापायी, ते तुमाला मी सांगाया पायजे?"

जत्रेच्या आधी चार दिवस मी पुन्हा फिल्म काढली. रेघ पुसट झाली होती, पण होती. बत्ताशाला नाल काढून चार पावलं चालवलं. तिसऱ्या पावलाला त्याने मान वर झटकली. हे पंचांना लांबून दिसलं असतं.

तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं. कुणी सुचवलं नाही, कुणी गळ घातली नाही. पाय कुठे दुखतो हे शोधायला आम्ही नस बधिर करतो. खुराच्या वर मागच्या अंगाला दोन नसा उतरतात. दोन्हीजवळ थोडं थोडं औषध टोचलं की तास-दीड तास खुराला काही कळत नाही. लंगडा घोडा सरळ चालतो. पाच फेऱ्या, सावकाश, वीस मिनिटांत संपल्या असत्या. नाल तर दर सव्वा महिन्याला उतरत होताच. मी हिशेब पुन्हा पुन्हा तपासला आणि प्रत्येक वेळी तो बरोबर आला.

"फक्त चालवायचा," मी हौसाक्काला बजावलं. "नाचवायचा नाही. लगाम आखूड धरायचा. फेऱ्या झाल्या की सरळ कमानीबाहेर, चाचांकडे."

"तुमच्या गळ्याची आण," ती म्हणाली.

जत्रेच्या सकाळी मी गोठ्यात गेले. बत्ताशाला झूल चढवली होती. मी त्याचा पाय मांडीवर घेतला, दोन्ही बाजूंचे थोडे केस कातरले, स्पिरिट लावलं आणि दोन सुया दिल्या.

"कसलं विंजेक्शन वो?" हौसाक्काने विचारलं.

"ताकदीचं," मी म्हणाले.

कमानीपाशी चाचा हत्यारं मांडून बसले होते. त्यांनी डावा पाय उचलला. एरवी त्या पायाचा पहिला खिळा उपसताना बत्ताशा अंग चोरायचा. आज त्याने कानसुद्धा हलवला नाही. चाचा थांबले. त्यांनी अंगठ्याने टाच दाबली, मग जोर लावून दाबली. मग कातरलेल्या केसांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पाय मेल्यासारखा लागतोय."

"नाल काढा, चाचा. वेळ जातोय."

त्यांनी नाल काढला. तो त्यांनी पिशवीत टाकला नाही, हातातच धरून ठेवला.

पहिली फेरी बत्ताशाने अशी घातली की पंचांपैकी एकाने मला तिथूनच हात जोडले. हौसाक्का लगाम आखूड धरून चालत होती, ओठ घट्ट मिटलेले. दुसरी फेरी. तिसरी. मान सरळ, पाऊल सरळ. लोक गुलाल-खोबरं उधळत होते. यशवंता खांबाला टेकून उभा होता, तोही बघत राहिला. मी घड्याळ बघत होते. तेरा मिनिटं झाली होती.

चौथ्या फेरीला हलगीवाल्यांनी हात बदलून नाचाचा ठेका धरला.

पाच महिने गोठ्यात कोंडलेलं जनावर होतं ते. पाच महिने प्रत्येक पावलाला दुखत होतं आणि आज पहिल्यांदा दुखत नव्हतं. त्याने कान टवकारले. एकदा डावा पाय उचलून फरशीवर आपटला, जणू खरंच दुखत नाही ना हे बघायला. मग उजवा आपटला. मग पुन्हा डावा. मग दोन्ही पुढचे पाय उचलून तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि पूर्ण वजनानिशी खाली आला. त्या आवाजाला सगळ्या देवळात एकच आरोळी उठली.

बत्ताशा नाचायला लागला.

मी हौसाक्काकडे पाहिलं. तिने क्षणभर लगाम खेचला. मग ती रडायला आणि हसायला एकदम लागली आणि तिच्या हातातला लगाम सैल झाला. बायका तिच्या पाया पडायला लागल्या. "देवानं पाय दिला!" कुणीतरी ओरडलं आणि मग सगळेच ओरडू लागले.

मी वीस पावलांवर होते. पुढे होऊन लगाम धरणं एवढंच करायचं होतं. पण मग का धरला हे सांगावं लागलं असतं, पंचांसमोर, तिच्यासमोर. मी तोंड उघडलं, ते खरं आहे. "थांबवा" असं काहीतरी म्हणाले. हलगीत ते मलाही ऐकू आलं नाही आणि मी दुसऱ्यांदा म्हणाले नाही.

याहून वाईट एक गोष्ट आहे. त्या मिनिटाला मला आनंद झाला होता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी भीतीने गोठले. गोठले नव्हते. मी त्याला नाचताना बघत होते आणि मनात म्हणत होते, बरा झाला असेल. माझ्याच सुईने बधिर केलेला पाय बघून मलाही वाटलं की तो बरा झाला. जो घोडा दुखल्याबरोबर आपणहून थांबला असता, त्याची ती थांबायची जागाच मी काढून घेतली होती, हे मला सगळं संपल्यावर कळलं.

पाचव्या फेरीनंतरही त्याला कुणी सोडेना. लोकांना त्याच्या खुराची धूळ कपाळाला लावायची होती. तो कमानीबाहेर आला तेव्हा सुया देऊन दीड तास उलटून गेला होता. चाचांनी पाय उचलायला हात घातला आणि बत्ताशा माणसासारखा कण्हला. खूर चुलीवरून काढल्यासारखा तापला होता. चाचांनी हातातला नाल जमिनीवर ठेवला आणि ते तसेच उठून दूर जाऊन बसले.

नव्या फिल्ममध्ये रेघ राहिलेली नव्हती, फट होती. ती सांध्यात उतरली होती आणि हाडाचा तुकडा बाजूला सरकला होता. आम्ही नाल पुन्हा बसवला, प्लास्टर घातलं, मी पुण्याला मोठ्या डॉक्टरांना जाऊन भेटले. पुढच्या सात आठवड्यांत डावा पाय वाचवता वाचवता उजव्या पायाचा खूर आतून खचत गेला, कारण सगळं वजन त्याच्यावर होतं. मग तो आडवा झाला. कुशीला जखमा पडल्या. माशा वारायला हौसाक्का दिवसभर पदर हलवत बसायची. शेवटी मी म्हणाले की आता त्याला सोडवायला हवं. ती हो म्हणाली.

मी औषध भरत होते तेव्हा ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बोलत होती. आधी मला वाटलं त्याच्याशी बोलतेय.

"देवानं पाय दिला व्हता बाई. फेऱ्यापुरता दिला व्हता. तुमी सांगितलं व्हतं नाचवू नगं. तुमच्या गळ्याची आण घेतली व्हती. पर यशवंता बगत व्हता न्हवं. म्हटलं बगू दे. म्हणून लगाम सोडला. माजा भपका नडला. देवानं दिल्यालं देवानं काढून घेतलं."

सुई माझ्या हातात होती. चाचा दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मी वाकले आणि बत्ताशाच्या मानेतली शीर शोधली.

जाताना चाचा एसटीपर्यंत सोबत आले. "मी सांगणार न्हाई," ते म्हणाले. "पर तुमी सांगा. आज न्हाई, जमंल तवा." त्यानंतर त्यांनी देवाच्या घोड्याला कधी हात लावला नाही. यशवंताने नवा नालबंद आणला.

माझी बदली झाली, मग आणखी दोन झाल्या. बढती मिळाली. मी चांगली डॉक्टर आहे, असं लोक म्हणतात आणि तसं असेलही. पण रस्त्यात वरात दिसली आणि घोडा नाचायला लागला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघू शकत नाही. माझी नजर पुढच्या डाव्या पायावर जाते, आणि तो खाली यायच्या आत मी तोंड फिरवते. भाचीच्या लग्नात मी वरातीतून मधूनच निघून रिक्षात जाऊन बसले. सगळ्यांना सांगितलं, डोकं दुखतंय. दुपारी डोळा लागला तरी हलगी ऐकू येते. हलगीत नेहमी चौथी फेरी चालू असते आणि पाचवी कधी येत नाही.

अठरा वर्षांनी चाचा गेल्याचं कळलं. त्यांच्या मुलाने पोस्टकार्ड टाकलं होतं. मला रडू आलं नाही, मला भीती वाटली. ती गोष्ट आता माझ्या एकटीकडे उरली होती. मी हौसाक्काच्या आधी मेले किंवा ती माझ्या आधी मेली, तर ती गोष्ट कायमची खोटी राहिली असती. दुसऱ्या दिवशी मी पळसखोरीची एसटी धरली.

हौसाक्का देवळाच्या कमानीबाहेर, पायरीच्या कडेला बसून हार ओवत होती. केस पांढरेशुभ्र. तिने मला लगेच ओळखलं, जवळ ओढून कानशिलावर बोटं मोडली आणि शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. मी म्हटलं, आधी दर्शन घेऊन येऊ.

"तुमी जावा. मी आत जात न्हाई."

"का?"

"बत्ताशा गेला तवापासनं न्हाई गेले. कुटल्या तोंडानं जाऊ? हार करून देते, गुरव नेतो. हितनंच मापी मागते रोज."

चहा आला. मी तो तसाच हातात धरून सगळं सांगितलं. तासभर लागेल असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. चार मिनिटं लागली. ती दोरा धरून ऐकत होती.

"ताकदीचं न्हवतं व्हय?"

"नाही."

"कुटं टोचलंसा?"

मी माझ्या मनगटावर जागा दाखवली, दोन्ही बाजूंनी. तिने माझं मनगट हातात घेऊन त्या दोन जागा बोटांनी चाचपल्या.

"नाचताना त्येला दुखत न्हवतं?"

"काहीच दुखत नव्हतं. पाय आहे हेसुद्धा त्याला कळत नव्हतं."

"तरी मी लगाम सोडलाच की."

"सोडलात, अक्का. पण तुम्हाला वाटत होतं तो बरा झालाय. मला माहीत होतं की नाही झालेला."

तिने माझं मनगट सोडलं. बराच वेळ ती कमानीतून आत बघत होती. आतली फरशी उन्हात चमकत होती आणि गुरवाची सून धान्य वाळत घालत होती.

"अठरा वर्सं मापी मागतीया," ती म्हणाली. "देवानं कदी दिली न्हाई. मला वाटायचं, लई रागावलाय माज्यावर." ती थांबली. "त्येला कळतच नसंल, ही बाई रोज कशाची मापी मागतीया."

"अक्का," मी म्हणाले.

"तुमी लई उशीर केलासा बाई."

"हो."

तिने हारांची दुरडी माझ्याकडे सरकवली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि लुगड्याचा ओचा झटकला. मीही उठायला लागले.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी हितं बसा."

ती कमानीतून आत गेली. फरशी ओलांडताना तिची चाल आधी अडखळत होती, मग सरळ झाली. गाभाऱ्याच्या अंधारात तिची पाठ दिसेनाशी झाली. एक बाई पायरीशी आली आणि मला हाराचा भाव विचारला. मला तो माहीत नव्हता. तिने स्वतःच पैसे ठेवले आणि हार उचलून घेऊन गेली.

माझी शेवटची एसटी साडेपाचची होती. खाली फाट्यावर तिचा हॉर्न दोनदा वाजला आणि मग ती निघून गेल्याचा आवाज आला. आतून घंटा ऐकू आली नाही, बोलणंही ऐकू आलं नाही. मी बसून राहिले. हौसाक्काने मला उठायला सांगितलं नव्हतं.